कुरकुर तव्यावरची

कोपर स्टेशनला दोन मजले आहेत. खाली कल्याणच्या मुख्य मार्गावरच्या लोकल थांबतात, वर वसई रोडहून पनवेलकडे जाणाऱ्या गाड्या. संध्याकाळी वरून खाली आणि खालून वर गाडी बदलणाऱ्यांची गर्दी जिन्यांवर लोटते, तेव्हा कितीतरी जणांच्या हातात भाजीच्या पिशवीबरोबर हवेनं फुगलेला वेफर्सचा पुडा असतो. घरी मुलं वाट पाहत असतात, पाहुणे यायचे असतात, नाहीतर रात्री सामना असतो. पूर्वी हा पुडा फोडला की नुसता खाऊन संपायचा. आता त्याच्या शेजारी वाटी आली आहे. मेयोनीज, चीजचा सॉस, टोमॅटोचा साल्सा, काहीतरी बुडवून खायला लागतंच. वाढदिवसाला लागतं, सोसायटीच्या कोजागरीला लागतं आणि आता हळदीकुंकवालाही लागतं.

प्रस्तुत लेखिका याच भागात राहते आणि घरून कडक भाकऱ्या, खाकरे आणि चटण्या ऑर्डरप्रमाणे करून देते. तिच्याकडे येणारी मागणी बहुतेक एकाच शब्दांत येते: वेफर्स नकोत, पण कुरकुरीत काहीतरी द्या. मागणी अगदी रास्त आहे. गाजराचे तुकडे मांडून ठेवले आणि ‘हे खा, तब्येतीला चांगलं’ असं सांगितलं, की ताटली तशीच उरते. माणसाला दाताखाली आवाज हवा असतो. तो आवाज तळणातूनच येतो हा समज मात्र सोडून द्यायला हवा.

आवाजाचं महत्त्व वाटतं त्याहून मोठं आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठात मासिमिलिआनो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी 2004 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. लोकांच्या कानांवर हेडफोन चढवले, समोर मायक्रोफोन ठेवला आणि त्यांना बटाट्याचे चिप्स चावायला दिले. चावण्याचा आवाज मोठा करून, त्यातला उंच पट्टीचा भाग वाढवून ऐकवला, की त्यांना तोच चिप जास्त कुरकुरीत आणि ताजा वाटायचा. आवाज दबका केला की तोच चिप शिळा वाटायचा. चिप बदलला नव्हता, फक्त कानावर पडणारं बदललं होतं. या कामाला 2008 साली इग नोबेल मिळालं आणि लोक हसले, पण खाद्यपदार्थ करणाऱ्या कुणालाही त्यातून कामाची गोष्ट मिळते. खाणाऱ्याला समाधान देतो तो पदार्थाचा कडकडीतपणा, आणि त्यासाठी तेल लागतंच असं नाही.

कडकडीतपणा येतो पाणी गेल्यानं. पिठाचा किंवा बटाट्याचा पातळ काप घेतला, त्यातलं पाणी दोन-चार टक्क्यांवर आणलं, की उरलेला स्टार्च काचेसारखा ठिसूळ होतो आणि दाताखाली एकदम फुटतो. हे पाणी घालवायचे मार्ग अनेक आहेत: ऊन आहे, निखारा आहे, तवा आहे, भट्टी आहे, तापलेलं तेलही आहे. तेलाचा मार्ग सर्वांत झटपट, म्हणून कारखान्यांनी तो घेतला. तळताना कापातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आणि त्याच्या जागी बारीक बारीक पोकळ्या राहतात. काप कढईतून बाहेर काढल्यावर आतली उरलीसुरली वाफ थंड होऊन आक्रसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. बरंचसं तेल असं झाऱ्यावर निथळत ठेवल्यावर आत शिरतं. म्हणून तळणीतून काढल्याबरोबर कागदावर पसरून टिपून घेणं हा नुसता टापटिपीचा भाग नाही, त्यानं खरोखर फरक पडतो.

तरी किती पडणार? बाजारच्या बटाटा वेफर्समध्ये वजनाच्या साधारण एक तृतीयांश तेल असतं. तीस ग्रॅमचा पुडा एका माणसानं सहज संपवला, तर त्यातून दहा ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन चमचे तेल पोटात गेलं. त्याबरोबर मेयोनीज असेल तर तेही मुळात घट्ट केलेलं तेलच. म्हणजे तेलात तळलेली वस्तू तेलात बुडवून खायची आणि दोन्हींत मीठ.

या मिठाकडे लोकांचं सर्वांत कमी लक्ष जातं. तेल हाताला लागतं, कागदाला लागतं, दिसतं. मीठ दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसासाठी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितलंय, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात आमटी, भाजी, लोणचं सगळं आलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत देशातल्या प्रौढांपैकी 35.5 टक्के लोकांना उच्च रक्तदाब असल्याचं दिसलं. इतक्या घरांमध्ये रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा असताना बुडवून खायच्या पदार्थात दोन्हीकडून मीठ चढवणं योग्य नाही.

म्हणून या कामात लेखिकेनं एक नियम पक्का केलाय: मीठ एकाच बाजूला. चटणी चमचमीत असेल तर तिच्याबरोबरची भाकरी पूर्ण अळणी. जिभेला आधी चटणी लागते, त्यामुळे भाकरीत मीठ नाही हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. नुसती भाकरी तोडून खाल्ली तर कळतं, बुडवून खाल्ली तर नाही. एवढ्या एका बदलानं जे साधतं ते बेक्ड, मल्टिग्रेन वगैरे नावांच्या महागड्या पुड्यांतून साधत नाही.

आता भाकरीकडे यावं, कारण जीव तिच्यात आहे.

कडक भाकरी सोलापूर भागाची. तिथं ज्वारीची पातळ भाकरी खरपूस वाळवून महिना महिना ठेवतात आणि शेंगांच्या चटणीबरोबर, दह्याबरोबर किंवा आमटीत कुस्करून खातात. सीमेपलीकडे विजापूर, कलबुर्गीकडेही ज्वारीची आणि बाजरीची अशीच खडखडीत भाकरी होते. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी यासाठी नावाजलेली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. काळ्या जमिनीत, रब्बीत, जमिनीतल्या ओलीवर वाढणारं हे पीक. दाणा टपोरा, मोत्यासारखा आणि भाकरीला गोडसर चव. कोपर-डोंबिवलीत सगळ्याच दुकानांत ही ज्वारी मिळत नाही, पण सोलापूरकडची माणसं इथं भरपूर आहेत आणि गावाहून येताना पोत्यातली थोडी ज्वारी आणतातच. ती मिळाली तर घ्यावी. नाही मिळाली तर कोणतीही रब्बीची पांढरी ज्वारी चालते. पीठ मात्र ताजं हवं.

पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापताना कडेला तडे पडतात आणि तव्यावर टाकायला उचलली की मधून तुटते. म्हणून आठवड्याला लागेल तेवढंच दळून आणावं. ज्वारीत गव्हासारखं चिकट ग्लुटेन नाही. तिला बांधून ठेवतो तो उकळत्या पाण्यानं फुगलेला स्टार्च. म्हणून पाण्याला खळखळून उकळी आली की त्यात पीठ घालायचं, उलथन्याच्या दांड्यानं ढवळायचं, गॅस बंद करून झाकण ठेवायचं आणि हाताला सोसवेल इतकं निवताच तळहाताच्या टाचेनं रगडून मळायचं. मळण्यात कसूर झाली तर पुढचं काहीच नीट होत नाही. गोळा लोण्यासारखा मऊ व्हायला हवा, दाबल्यावर त्याच्या कडा फुटता कामा नयेत.

थापताना परातीत पिठी भुरभुरून घ्यायची आणि गोळा मधून कडेकडे सरकवत न्यायचा. नेहमीच्या भाकरीपेक्षा ही पातळ हवी, पण सगळीकडे सारखी. मध्ये जाड आणि कडेला पातळ राहिली तर कड करपेपर्यंत मध्याला ओल राहते आणि ही ओल दोन दिवसांनी सगळ्या डब्याला मऊ करते. तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकायच्या आत उलटायची. इथपर्यंत नेहमीचंच. नेहमीची भाकरी यानंतर आचेवर फुगवतात. बुडवून खायची भाकरी फुगू द्यायची नाही. फुगली की तिचे दोन पापुद्रे सुटतात, आणि सुटलेला पापुद्रा घट्ट चटणीत घातला की वाटीतच मोडून राहतो. म्हणून सुती फडक्याची घट्ट घडी करून तिनं भाकरी तव्यावर दाबत राहायचं, आच बारीक, भाकरी सारखी फिरती.

या वेळी हाताला जे कळतं ते घड्याळाला कळत नाही. आधी फडक्याखालून गरम वाफ येते आणि फडकं दमट होतं. मग वाफ हळूहळू कमी होते. भाकरीचा रंग अजून पांढुरकाच असतो, पण ती उचलली की लवत नाही. नखानं टिचकी मारली तर आधीचा बद्द आवाज जाऊन खणखणीत आवाज येतो. हा आवाज मधोमध आला आणि चारी कडांना आला, की ती झाली. गावाकडे चुलीवर हेच काम आरावर होतं: तव्यावरून उतरवलेली भाकरी निखाऱ्यासमोर उभी करून ठेवतात, आणि स्वयंपाक आटपेपर्यंत ती आपसूक वाळते. गॅसवर ती सोय नाही, तिथं हातानंच दाबत बसावं लागतं. घरात ओव्हन असेल तर दोन्ही बाजू तव्यावर शेकून झाल्यावर दीडशे अंशांच्या आसपास जाळीवर ठेवून वाळवता येते. तिला तव्याचा खरपूस वास येत नाही, पण ती सगळीकडे सारखी वाळते आणि एका वेळी सहा-सात होतात.

पार्टीसाठी अख्खी भाकरी गैरसोयीची. तोडताना तिचे वेडेवाकडे तुकडे आणि निम्मा चुरा होतो. त्यासाठी भाकरी अर्धवट शेकून अजून मऊ असतानाच करंजीच्या कातण्यानं तिचे आठ त्रिकोण करावेत आणि मग ते वाळवावेत. वाळल्यावर कापायला गेलं तर सगळंच हातात येतं. वरून तीळ लावायचे असतील तर थापतानाच, पाण्याच्या हाताबरोबर, म्हणजे ते गळत नाहीत.

करपवायची मात्र नाही, आणि याचं कारण चवीपुरतं नाही. 2002 साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की पिठूळ पदार्थ 120 अंशांच्या वर तळले, भाजले की त्यातल्या अस्पॅराजिन आणि साखरेपासून अॅक्रिलामाइड नावाचं रसायन तयार होतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यानं कर्करोग झाल्याचं आढळलंय. सर्वांत जास्त चर्चा झाली ती बटाट्याच्या चिप्सची, पण धान्याच्या भाजलेल्या पदार्थांतही ते असतं. म्हणजे भाजलेलं म्हणून सगळं माफ असं नाही. भाकरीचा रंग बदामीपर्यंत ठीक, त्यापुढे काळे डाग पडले तर तेवढा भाग खरवडून टाकावा, आणि आच बारीक ठेवली तर ती वेळच येत नाही.

जगात जिथं जिथं माणसाला भाकर साठवायची गरज पडली, तिथं तिथं हीच युक्ती सापडली. स्वीडनमध्ये राय या धान्याच्या पिठाची कडक रोटी मधोमध भोक पाडून आढ्याजवळच्या काठीला अडकवून ठेवत. सार्डिनियाचे मेंढपाळ डोंगरावर जाताना कागदासारखी पातळ, दोनदा भाजलेली ‘पाने कारासाऊ’ नावाची रोटी नेत. मेक्सिकोत शिळ्या झालेल्या मक्याच्या तोर्तिया वाळवून कडक करत आणि त्यावर उसळ, साल्सा घालून खात. आज मॉलमध्ये मिळणारे त्रिकोणी नाचोज त्याच घराण्यातले, फक्त तळलेले. म्हणजे ज्वारीचे भाजलेले त्रिकोण साल्साबरोबर ठेवले तर ते उसनं आणलेलं वाटायचं कारण नाही. ज्वारी आणि मका तव्यावर सारखेच वागतात, चवही एकमेकांना धरून असते. मुलं तर फरक विचारतही नाहीत.

खाकऱ्याबद्दल थोडक्यात. गव्हाची लाटलेली पातळ पोळी अर्धी भाजून ठेवायची आणि मग मंद तव्यावर लाकडी दट्ट्यानं दाबत कडक करायची, ही कच्छी-गुजराती घरांची कला. डोंबिवली, मुलुंड, घाटकोपरला तो कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. घट्ट डिपसाठी तो फार नाजूक, पातळ दह्याच्या चटणीला उत्तम. विकत घेताना पाकिटामागची यादी वाचावी. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. ज्या खाकऱ्यावर गव्हानंतर लगेच तेल किंवा पामोलिन असेल, तो भाजलेला असला तरी हलका नाही. हीच कसोटी नाचणी चिप्स, ज्वारी चिप्स अशा नावांच्या पुड्यांना लावावी. पुढच्या बाजूला नाचणीचं कणीस छापलेलं असतं आणि मागे यादीत पहिलं नाव तांदळाचं किंवा मक्याचं, दुसरं तेलाचं आणि नाचणी कुठेतरी चौथ्या-पाचव्या जागी. नाचणी खरोखर गुणाची आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांत शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम दिलेलं आहे, तांदळात ते नावापुरतंच. पण पुड्यात चिमूटभर नाचणी असेल तर हे गुण पोटापर्यंत पोचणार कसे? नाचणीची उकड काढून, पातळ लाटून, कातण्यानं कापून घरच्या तव्यावर किंवा ओव्हनमध्ये वाळवली तर सगळी नाचणीच राहते. रंग काळपट येतो, चव मातकट-गोड, आणि लसणीच्या ओल्या चटणीबरोबर ती फार जमते.

आपल्या वाळवणांतही बुडवायच्या कामाच्या वस्तू आहेत. खानदेशातले ज्वारीचे बिबडे घ्या. ज्वारी भिजवून आंबवायची, भरडून शिजवायची, त्यात लसूण, तीळ, जिरं घालून फडक्यावर थापून उन्हात कडकडीत वाळवायची. तळून खातात तसेच निखाऱ्यावर भाजूनही खातात, आणि भाजलेले अधिक चवदार लागतात असं इथं ठासून सांगावंसं वाटतं. आंबल्यामुळे त्यांना स्वतःचीच एक आंबट-खमंग चव असते, सोबतीला नुसतं दही पुरतं. भाजलेला उडदाचा पापड मात्र विचार करून घ्यावा. लिज्जतचं काम 1959 साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलं, आणि तेव्हापासून पापड लाटून कितीतरी घरं उभी राहिली. त्या कष्टाबद्दल मनात आदरच आहे. पण कोणत्याही उडदाच्या पापडात मीठ असतं आणि वर पापडखारही, आणि पापडखारातही सोडियमच. भाजला म्हणजे तेल वाचलं, मीठ वाचलं नाही. रक्तदाब असलेल्या घरात चटणी-डिपबरोबर पापड ठेवायचाच असेल तर डिप अगदी अळणी ठेवावं.

भाज्यांचे तुकडे कुरकुरीत गटात धरायला हवेत, पण त्यांची कुरकुर वेगळी. तिथं पाणी गेल्यानं आवाज येत नाही, उलट पेशींमध्ये पाणी गच्च भरलेलं असल्यामुळे येतो. म्हणून काकडी, गाजर, मुळा, नवलकोल कापून बर्फाच्या पाण्यात अर्धा तास ठेवले की ते ताठ होतात, आणि कापून फ्रिजमध्ये उघडे ठेवले की लोळतात. नवलकोलाकडे लोकांचं लक्ष जात नाही ही खेदाची गोष्ट आहे. साल जाड काढून बोटाएवढे तुकडे केले तर त्याच्यासारखा करकरीत आणि गोडसर काप दुसरा नाही, घट्ट चक्क्यात घातला तरी वाकत नाही. फरसबी अर्धा-एक मिनिट उकळत्या पाण्यातून काढून लगेच गार पाण्यात टाकावी. एक इशारा इथल्या माणसांसाठी: मुंबई-ठाण्याच्या रुळांकडेच्या जागेत नाल्याच्या पाण्यावर पिकणाऱ्या भाजीबद्दल वर्तमानपत्रांतून पुष्कळदा छापून आलंय. शिजवायची भाजी एक वेळ सोडा, पण कच्ची खायची भाजी साल काढता येईल अशीच घ्यावी, आणि ती वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावी. पालेभाजीची पानं कच्ची डिपबरोबर ठेवू नयेत.

आणि वाटीतलं?

दुकानातल्या घट्ट डिपची जागा चक्का बिनतोड घेतो. घरचं दही स्वच्छ फडक्यात बांधून चार-पाच तास टांगायचं. श्रीखंडासाठी टांगतो तसंच, पण इतकं कोरडं नको. लेबनॉन-सीरियाकडे हाच चक्का लाब्नेह म्हणून मीठ आणि ऑलिव्ह तेल घालून खातात. आपल्याकडे त्यात मेतकूट घालून पाहावं. डाळी, तांदूळ, गहू भाजून, धणे-जिरं-सुंठ-हळद-हिंग घालून केलेलं मेतकूट आजारी माणसाच्या मऊ भातापुरतं राहिलंय, आणि ते तिथं अडकून पडलं याचं वाईट वाटतं. चक्क्यात दोन चमचे मेतकूट आणि वरून मोहरी-हिंगाची एक पळी फोडणी घातली की घरभर वास सुटतो आणि वाटी पहिल्यांदा रिकामी होते. काकडी घालायची असेल तर ती चोचवून, पिळून घालावी. मीठ अगदी वाढताना घालावं, आधी घातलं तर दह्याला पाणी सुटतं आणि भाकरीचे त्रिकोण मऊ पडतात. पिळलेलं काकडीचं पाणी टाकू नये, पुढच्या पिठात घालावं.

दुसरं भरीत. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 सालीच भौगोलिक मानांकन मिळालं. ती मोठी, हिरवी, कमी बियांची वांगी हिवाळ्यात इकडेही येतात. निखाऱ्यावर किंवा गॅसवर भाजून, साल काढून, ठेचून त्यात कांद्याची पात, मिरची, लसूण आणि थोडं दही. ते गरम वाढायचं असतं, पण गारही तितकंच चांगलं. खानदेशात ते कळण्याच्या भाकरीबरोबर खातात, इथं ते कडक त्रिकोणांबरोबर लावावं. तिसरं शिजवलेले हरभरे, भाजलेल्या तिळाचं कूट, लसूण आणि लिंबू एकत्र वाटून. आखाती देशांत राहून आलेल्या मराठी घरांना ते हुमस म्हणून माहीत आहे. दुकानातला ताहिनीचा महागडा डबा न आणता संक्रांतीनंतर उरलेल्या तिळाचं ते सहज होतं.

शेंगांची सोलापुरी चटणी आणि ठेचा यांच्याबद्दल खरं सांगायला हवं. दोन्ही चवीला अप्रतिम, पण शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत चाळीसच्या आसपास ग्रॅम तेल असतं. ते तेल वनस्पती तुपापेक्षा लाख पटीनं बरं, दाण्यांत प्रथिनंही भरपूर. तरी चटणी ही चटणी म्हणून बोटभर घ्यावी, वाटीभर नाही. ठेचा दह्यात कालवला की पुरतोही आणि झणकाही सौम्य होतो. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठीही तितकंच स्पष्ट: ज्वारीत तंतू भरपूर, शंभर ग्रॅममागे दहा ग्रॅम, पण पिष्टही सदुसष्ट-अडुसष्ट ग्रॅम. भाकरी कडक केल्यानं ते कमी होत नाही. वाळल्यावर ती हलकी लागते आणि एकामागून एक त्रिकोण तोंडात जातात, म्हणून ताटलीत मोजून वाढावेत आणि निम्मी ताटली भाज्यांनी भरावी.

पावसाळ्यात या सगळ्या कामाचा कस लागतो. कोपरच्या पश्चिमेला उल्हासची खाडी जवळ, जुलैत हवेतली आर्द्रता पंच्याऐंशी टक्क्यांच्या घरात. फ्लॅटच्या खिडकीशी ठेवलेली भाकरी तासाभरात लवायला लागते. भाजलेला कडक पदार्थ तळलेल्यापेक्षा लवकर सादळतो, कारण त्याच्यावर तेलाचं आवरण नाही. यावर उपाय कारखान्यांकडे आहे, पुड्यात नायट्रोजन भरण्याचा. घरी स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, भाकरी पूर्ण गार झाल्याशिवाय आत ठेवायची नाही, तळाशी कोरड्या भाजलेल्या तांदळाची फडक्यातली पुरचुंडी, आणि डबा सारखा उघडायचा नाही. तरीही सादळलीच तर बारीक आचेवर तव्यावर दोन मिनिटं, पुन्हा तशीच खणखणीत. सादळलेल्या तळलेल्या वेफर्सला हा उपाय चालत नाही, त्यांना खवट वास येऊ लागतो. पावसाळी ऑर्डरला लेखिका भाकरी आणि वाटीतलं वेगवेगळं देते आणि वाढायच्या दहा मिनिटं आधी एकदा तव्यावर फिरवून घ्या असं सांगते. जे हे करतात त्यांची तक्रार येत नाही.

शेवटी पैशाची गोष्ट, कारण तिच्यावाचून हे बोलणं अपुरं राहतं. वेफर्सचा पुडा दहा रुपयांना मिळतो. यंत्र मिनिटाला हजारो काप तळतं आणि बटाटा स्वस्त असतो. कडक भाकरी एकेक करून होते, आणि बारीक आचेवर, फडक्यानं दाबत, तव्यासमोर उभं राहून एकीला आठ-दहा मिनिटं जातात. डोंबिवलीत, कोपरला, दिव्याला अशा कितीतरी बायका घरून हे काम करतात, पोळीभाजी केंद्रांतही करतात. त्यांच्या भाकरीला वेफर्सच्या पुड्याचा भाव लावू नका. घरच्या कार्याला हवी असेल तर दोन दिवस आधी सांगा, भाकरीत मीठ नको असंही सांगा, आणि ठरलेले पैसे घासाघीस न करता द्या.